मंडळीने बालगृह काढावे की मुलांच्या घरांना आधार द्यावा? कोल्हापूर भागातील अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे

प्रश्नकर्ता: शाहूपुरीचा चिटणीस

सर्वांना सलाम. मी कोल्हापुरातील एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीचा चिटणीस आहे. आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठ भगिनींनी करवीर तालुक्यातील आपले कौलारू घर आणि त्यालगतची आठ गुंठे जागा निराधार मुलांच्या सेवेसाठी मंडळीला देण्याची इच्छा दोन महिन्यांपूर्वी बोलून दाखवली. त्या रविवारी पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनावर उपदेश केला. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हेच निर्मळ धर्माचरण, हे ऐकून मंडळीत असा काही उत्साह संचारला की महिला मंडळाने आठवड्याभरात पातेली, पराती आणि चाळीस ताटे जमा केली, एका बंधूंनी वीस लोखंडी खाटांचे पैसे देण्याचे कबूल केले आणि तरुण संघाने तर बालगृहाचा फलकही रंगवायला टाकला.

त्यानंतरच्या बैठकीत आमच्या शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) तरुण शिक्षिकेने एवढेच विचारले, ‘‘ही वीस मुले आपण आणणार कोठून?’’ खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हते. मग प्रत्येकाने आपापल्या ओळखीतील गरजू मुलांची नावे आणावीत असे ठरले आणि पंधरवड्यात अकरा नावे आली. ती मी वहीत उतरवून घेताना पुढे ‘घरी कोण आहे’ असा एक रकाना आखला, आणि तेथेच माझी पंचाईत झाली. अकरापैकी नऊ मुलांच्या घरी कोणी ना कोणी होते. एका मुलीची आई इचलकरंजीत मागासाठी सुताच्या कांड्या भरते. दोन भावांचे वडील वारले असून आई टोळीबरोबर ऊसतोडीला जाते आणि मुले कधी तिच्याबरोबर फडावर, तर कधी शेजारणीकडे असतात. चिखलीचा एक मुलगा आजीजवळ राहतो आणि २०१९ च्या महापुरात खचलेली त्यांच्या घराची भिंत अजून अर्धीच उभी आहे. आई आणि वडील दोघेही नसलेली मुले दोनच निघाली, आणि त्यांनाही मामा आहे.

आता प्रश्न असा की, ज्या मुलांची आई जिवंत आहे त्यांना आणून अनाथ म्हणून ठेवणे योग्य आहे का? आणि ते योग्य नसेल तर हे घर, ही भांडी आणि लोकांची ही कळकळ यांचे आम्ही काय करावे? कायद्याच्या बाजूनेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद: निवृत्त संरक्षण अधिकारी

चिटणीससाहेब, आपण रकाना आखलात हे फार बरे केलेत. बाल संरक्षण अधिकारी म्हणून माझ्या नोकरीच्या काळात मी अशी कित्येक घरे पाहिली, जिथे तो रकाना कोणी आखलाच नव्हता.

प्रथम तो फलक रंगाऱ्याकडून आणून आत ठेवा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी घ्यावीच लागते, मग ती सरकारचे अनुदान घेत असो वा नसो, धर्मादाय असो वा एखाद्या मंडळीची असो. नोंदणीविना मुले ठेवणाऱ्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अर्ज करण्यात होणारा प्रत्येक तीस दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अनाथाश्रमांतील शोषणाच्या प्रकरणात देशभरातील सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेर पूर्ण करण्याचे आदेश दिले, तेव्हापासून ‘आमची धर्मसेवा आहे, आम्हाला नोंदणी कशाला’ हा युक्तिवाद कोणी ऐकून घेत नाही.

दुसरी गोष्ट, मुले आपण ‘आणायची’ नसतात. आईने हात धरून मुलाला तुमच्या दारात सोडले तरीसुद्धा त्याला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि निदान एक सदस्य महिला असते. मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी होते. ती पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुलाने कोठे राहायचे हे ती समिती ठरवते, पंचकमिटी नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या मूळ प्रश्नाशी थेट संबंधित आहे. याच कायद्याच्या कलम ३ मधील तत्त्वांत मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्व वाजवी पर्याय संपल्यानंतरचा शेवटचा उपाय मानला आहे, आणि कलम ४० असे सांगते की मुलाला त्याच्या कुटुंबात परत नेणे हेच कोणत्याही बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट असले पाहिजे. म्हणजे बालगृह काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मूल परत कसे जाईल याचाच विचार करायचा असतो. दर वर्षी सगळ्या खाटा भरलेल्या आहेत, याचा अभिमान बाळगणारे अहवाल मी वाचले आहेत. ते वाचताना मला नेहमी वाटायचे की एखाद्या दवाखान्याने आपल्याकडचे रुग्ण कधीच घरी जात नाहीत, असे छापून आणावे तसे हे आहे.

प्रतिसाद: बोर्डिंगची मुलगी

मला कायदा कळत नाही, पण मी अशाच एका घरात वाढले आहे, म्हणून लिहिते. संस्थेचे नाव सांगणार नाही, कारण तेथील काही माणसांनी मला जीव लावला आणि त्यांच्यापैकी काही आजही हयात आहेत.

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईला आम्ही तिघी मुली. मधली मी. एका ओळखीच्या बाईंनी आईला सांगितले की एका मुलीची सोय होईल, पण अर्जावर आईवडील नाहीत असे लिहावे लागेल, कारण देणगीदार अनाथ मुलींसाठीच पैसे देतात. आईने अंगठा उठवला. मी बारा वर्षे तेथे राहिले आणि त्यातील पहिली सहा-सात वर्षे कागदोपत्री माझी आई मेलेली होती, तरी महिन्यातून एका शनिवारी ती एसटीने यायची, फाटकाबाहेरच्या चिंचेखाली बसायची आणि पदरात बांधून आणलेले चिरमुरे-फुटाणे मला द्यायची. पाहुणे येणार असतील त्या शनिवारी तिला आधीच निरोप जायचा की येऊ नका.

तेथे मी शिकले, हे मान्य केलेच पाहिजे. शिवण, इंग्रजी, चार सुरांत गीते म्हणणे, स्वच्छता, वेळेवर उठणे, हे सगळे मला तेथे मिळाले. थोरली बहीण घरी राहिली आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली, म्हणून माझे नशीब चांगले असे सर्वजण म्हणत आणि मीही म्हणायचे. अठरा पूर्ण झाल्यावर ट्रंक घेऊन घरी गेले. पहिल्याच संध्याकाळी आई भाकरी वाढत होती आणि मी म्हणाले, ‘‘तुम्ही पण बसा ना जेवायला.’’ आमच्याकडे आईला कोणी अहोजाहो करत नाही. मी मात्र बारा वर्षे मेट्रनबाईंना आणि शिक्षिकांना तुम्ही म्हणत आले होते, तेच तोंडात बसले होते. आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती काही बोलली नाही. नंतर मी अगं म्हणायचा प्रयत्न केला, पण तो ठरवून केलेला प्रयत्न आहे, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

त्या वेळी माझ्या शिक्षणाचा खर्च कोणी आईच्या हाती दिला असता तर मी शिकलेच असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगते की आईला असे कोणी विचारलेच नाही.

प्रतिसाद: शाहूपुरीचा चिटणीस

ताई, आपले लिहिणे मी आज सकाळी पाळकसाहेबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते.

तरीही मनातील शंका मांडतो, कारण पंचकमिटीत याच शंका निघणार आहेत. पहिली म्हणजे, सगळी घरे परत पाठवण्याजोगी असतात का? आमच्या यादीतील एका मुलाचा सावत्र बाप दारू पिऊन त्याला पट्ट्याने मारतो. त्याला आम्ही घरीच राहा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? दुसरी शंका पैशाची. खाटेसाठी पैसे देणारा माणूस एका विधवेच्या घरभाड्यासाठी पैसे देत नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, कारण खाटेवर नाव घालता येते. तिसरी गोष्ट, मंडळीतील एक निपुत्रिक जोडपे त्या दोन पोरक्या भावंडांपैकी धाकट्या मुलीला लगेच घरी नेण्यास तयार आहे. मामा स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हणतो. तेवढे तरी करून टाकावे का?

प्रतिसाद: फडावरची बाई

मी शिरोळ आणि हातकणंगले भागात ऊसतोड कुटुंबांतील मुलांबरोबर काही वर्षे काम करते. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देते, पैशाचे आणि दत्तकाचे इतर कोणी द्यावे.

पट्ट्याने मारणाऱ्या घरात मुलाला ठेवा, असे कोणीही म्हणत नाही. अशा वेळी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा आणि समितीपुढे जायचे. मारहाणीपलीकडे लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्यात पाळकसाहेबांनाही सूट नाही. पण एवढे पाहा की त्या मुलाच्या बाबतीत घर म्हणजे फक्त तो सावत्र बाप नव्हे. सख्खी आजी कोठे आहे, चुलता काय करतो, आत्या आहे का, हे कोणी विचारले आहे का? आमच्या कामात निम्मा वेळ नातेवाईक शोधण्यात जातो. पुष्कळदा असे दिसते की ‘कोणी नाही’ याचा अर्थ ‘कोणाशी बोलणे नाही’ एवढाच असतो.

आता त्या ऊसतोडीच्या दोन भावांविषयी. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा गेल्यावर बाई अर्धा कोयता होते आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल (आगाऊ रक्कम) द्यायला कचरतो, म्हणून ती भावाबरोबर किंवा थोरल्या मुलाला हाताशी घेऊन पूर्ण कोयता म्हणून जाते. म्हणजे तुमच्या यादीतला थोरला भाऊ वर्षभरात शाळा सोडणार, हे मी पाहिल्याशिवाय सांगते. त्याला बालगृहात ठेवलेत तर तो शिकेल, पण आईची उचल फिटणार नाही आणि ती धाकट्याला कामाला लावेल. तिच्याकडे गावी राहून करता येईल असा रोजगार आणि हंगामापुरती मुलांची राहण्याची सोय, या दोन्ही गोष्टी असल्या तर कुटुंब तुटत नाही. दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंत मुले सुरक्षित राहतील आणि टोळी परतली की आईजवळ जातील, अशी व्यवस्था हीसुद्धा सेवाच आहे, फक्त तिच्यावर ‘अनाथ’ असा शिक्का नाही. तीसुद्धा जिल्हा कार्यालयाला विचारूनच सुरू करा.

परत नेणे सोपे आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडून झालेली एक चूक सांगते. एका संस्थेत चार वर्षे राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही समितीचा आदेश घेऊन जानेवारीत आईच्या हवाली केले. कागद सगळे बरोबर होते. पण जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. आई पहाटे चारला फडावर जायची, खोपीत त्याच्याजवळ त्याने कधी न पाहिलेली दोन वर्षांची बहीण, शाळा दीड कोस दूर आणि वर्षाच्या मध्येच नाव घालायला गुरुजी नाखूश. आम्ही दोनदा भेटलो आणि तिसरी भेट पुढे ढकलली. फेब्रुवारीत मुलगा जयसिंगपूरच्या स्टेशनवर सापडला. त्याने पोलिसांना घरचा पत्ता सांगितला तो संस्थेचा.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आधी आई संस्थेत येऊन मुलाबरोबर दिवसभर राहते, स्वयंपाकघरात, अभ्यासाला, फाटकाबाहेर नव्हे. मग मूल एक रात्र घरी जाते, मग दिवाळीत आठवडाभर, मग उन्हाळ्यात टोळी गावी परतल्यावर महिना-दीड महिना, आणि जूनमध्ये शाळा उघडताना नाव तिकडच्या शाळेत पडते. पुढे दोन वर्षे गृहभेटी. पहिल्या तीन महिन्यांत तर दर आठवड्याला कोणीतरी उंबरठ्यावर गेलेच पाहिजे, निदान चहा प्यायला. तुमच्या मंडळीत ज्यांनी चाळीस ताटे गोळा केली त्या बायका हे काम आमच्यापेक्षा चांगले करतील, कारण त्या वहीपेन घेऊन जाणार नाहीत.

प्रतिसाद: निवृत्त संरक्षण अधिकारी

स्टॅम्पपेपरचा विषय आधी संपवतो. मामाने लिहून दिले, नोटरी केली, हळदीकुंकू लावून मुलगी घरी नेली, यांतले काहीही दत्तक ठरत नाही. कायद्याची प्रक्रिया टाळून मूल देणे-घेणे हा कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि मध्ये पैसा फिरला असेल तर कलम ८१ त्याहून कडक आहे. त्या जोडप्याने केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर रीतसर नाव नोंदवावे. ही मुलगी दत्तकासाठी कायद्याने मोकळी आहे की नाही, हे समिती ठरवील. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे हा दंडक आहे, त्यामुळे ‘धाकटी तेवढी’ हा विचार सोडून द्यावा. आणि मामा-मामी सांभाळू शकत असतील तर पहिला हक्क त्यांच्या घराचा आहे.

ख्रिस्ती वाचकांसाठी यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंना आणि त्या व्याख्येत येणाऱ्या बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू आहे. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळायचे, आणि मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्याच्या दृष्टीने संपायचे. बाल न्याय कायद्याने २००० पासून धर्माची अट नसलेला दत्तकाचा मार्ग खुला केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला उपलब्ध असल्याचे स्पष्ट केले. आमच्या ओळखीतील जुन्या ख्रिस्ती घरांत ‘सांभाळलेली’ मुले पुष्कळ, पण दत्तक शब्द वापरला जात नसे, त्याचे एक कारण हे. त्या जोडप्याला प्रतिपालकत्वाचाही, म्हणजे कायद्याच्या देखरेखीखाली काही काळ मूल घरी सांभाळण्याचा, विचार करता येईल.

पैशाबाबत म्हणायचे तर, मुलाच्या घरासाठी सरकारचाही पैसा आहे आणि तो मिळवून देणे हीच मोठी मदत ठरते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि त्यात एक पालक गमावलेली मुलेही बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये आहेत. तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. कोणत्या मुलाला काय लागू पडते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे. अडचण पैशाची नसते, कागदांची असते. वडिलांचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड, बँकेचे खाते, यांतील एक जरी कागद नसला तरी बाई दोन खेपा मारते आणि तिसऱ्यांदा येत नाही, कारण प्रत्येक खेपेला तिची हजेरी बुडते. तिच्याबरोबर जाऊन रांगेत उभे राहणारा माणूस हा त्या वीस खाटांपेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि त्याच्या एसटीच्या भाड्याला देणगीदार मिळत नाही, ही आपली तक्रारही खरी आहे.

प्रतिसाद: मंगळवार पेठ

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचून बोलावेसे वाटले, राग मानू नये.

आमच्यासारख्या लोकांच्या मनात जो प्रश्न असतो तो येथे कोणी काढलेला नाही. यादीतील अकरापैकी बहुतेक मुले हिंदू किंवा मुसलमान घरांतील असणार. ती तुमच्या घरात राहिली तर त्यांची नावे तीच राहतील का, रविवारी प्रार्थनेला बसणे सक्तीचे असेल का आणि मदत घेणाऱ्या आईला उद्या काही विचारले जाईल का? समजा, त्या चिखलीच्या आजीने चैत्रात नातवाला जोतिबाच्या यात्रेला नेतो म्हटले, तर तुम्ही नेऊ द्याल? तुमचा हेतू मी तपासत नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली की तिची झळ त्या पोरालाच बसते, तुम्हाला नव्हे.

प्रतिसाद: एक पाळक

चिटणीसांनी ज्यांचा उल्लेख केला तो पाळक मी. उत्तर द्यायचे माझे काम आहे.

मंगळवार पेठेच्या दादांना मी सरळ सांगतो की नाव बदलले जाणार नाही, प्रार्थना सक्तीची नसेल आणि आजी यात्रेला नेत असेल तर गाडीभाडे नसल्यास तेही पाहू. मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीत खंड पडू नये हे पाहावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे विसावे कलम सांगते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पण मला त्या कलमाची गरज वाटत नाही. भुकेल्या माणसाला भाकरीबरोबर अट घातली की ती भाकरी राहत नाही, सौदा होतो, आणि याकोबाने समाचार घ्या म्हटले आहे, सौदा करा म्हटलेले नाही. मी प्रभूवर विश्वास ठेवतो म्हणून हे करतो, हे कोणी विचारले तर लपवणार नाही. इतकेच.

आता आमच्याच लोकांसाठी थोडे. अमेरिकन मिशनरी वाइल्डर दांपत्य १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासून आमच्या मंडळींचा इतिहास शाळा, दवाखाना आणि बोर्डिंग या तीन शब्दांत सांगितला जातो, आणि म्हणूनच सेवा म्हटली की आम्हाला आधी इमारत दिसते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी स्वतः उपदेशात कित्येकदा दिले आहे. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. पण हा धागा वाचताना माझ्या लक्षात आले की त्या मुलींना परत नेण्यासाठी घरच उरले नव्हते. आज आमच्या यादीतील मुलीची आई इचलकरंजीत मागाच्या खोलीत कांड्या भरत बसली आहे. दुष्काळात जो उपाय होता तो आम्ही दुष्काळ संपल्यावरही चालू ठेवला, आणि उपायाला साजेसे रुग्ण शोधत राहिलो की काय, असे वाटते.

दुसरे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहे उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. तेथल्या मुलाला कोणी अनाथ म्हटले नाही. तो शिकायला आलेला कोणाचा तरी मुलगा होता. बोर्डिंग आणि अनाथाश्रम यांतील हा फरक आम्ही मिशनच्या लोकांनी कधी धूसर केला, ते मला सांगता येत नाही, पण ‘बोर्डिंगची मुलगी’ या ताईंच्या आईचा अंगठा त्याच धूसरपणात उठला. ताई, त्या संस्थेच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. माझ्या वतीने क्षमा मागतो, कारण पाहुणे आले की मुलांना ओळीत उभे करून गीते म्हणायला लावणारा मीही होतो.

प्रतिसाद: बोर्डिंगची मुलगी

पाळकसाहेब, मी त्या ओळीत पहिली असायची, कारण माझा आवाज चांगला होता. गीते मला अजूनही पाठ आहेत आणि आवडतातही. क्षमेचे राहू द्या. इचलकरंजीच्या त्या बाईंकडे जाल तेव्हा मला सांगा, मी बरोबर येते. कांड्यांवर काय मिळते आणि त्यात मुलीची शाळा कशी बसवायची, हे तिच्याशी बोलायला तुम्हा पुरुषांपेक्षा मला बरे जमेल.

प्रतिसाद: शाहूपुरीचा चिटणीस

काल रात्री पंचकमिटी बसली आणि साडेअकरापर्यंत चालली. एकमत झाले नाही. खाटांचे पैसे देणारे बंधू नाराज होऊन गेले आणि ज्येष्ठ भगिनींना वाटते की त्यांचे दान आम्ही नाकारले. त्यांच्याकडे पाळकसाहेब स्वतः जाणार आहेत. सध्यापुरते एवढे ठरले आहे की नोंदणीसाठी अर्ज करायचा नाही आणि कोणतेही मूल आणायचे नाही. करवीरच्या त्या घरात संध्याकाळची अभ्यासिका आणि जेवण सुरू करायचे, चाळीस ताटे तेथे लागतीलच. हंगामी सोयीचा विचार जिल्हा कार्यालयाला विचारून पुढच्या दसऱ्याच्या आधी करायचा. सावत्र बापाच्या मारहाणीचे प्रकरण आज सकाळी १०९८ वर कळवले असून उद्या समितीपुढे जायचे आहे. मुलाची एक आत्या गडहिंग्लजला असल्याचे कळले आहे.

एक अडचण लगेच उभी राहिली. ऊसतोडीच्या त्या दोन भावांच्या बालसंगोपनासाठी वडिलांचा मृत्यू दाखला हवा. कुटुंब मूळचे बीड जिल्ह्यातले. आई दोनदा गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन आली, त्यांच्याकडे नोंद नाही. आता तिसऱ्यांदा तिला एवढ्या लांब पाठवावे का?

प्रतिसाद: निवृत्त संरक्षण अधिकारी

माणूस कोठे वारला ते आधी विचारा. मृत्यूची नोंद मूळ गावी होत नाही, जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते. हंगामात येथेच दवाखान्यात गेला असेल, तर दाखला कोल्हापुरात महानगरपालिकेकडे किंवा त्या त्या नगरपालिकेत मिळेल, आणि ती बाई बीडला विनाकारण दोन खेपा मारून आली असेल. दवाखान्याचा केसपेपर तिच्याजवळ असला तर तारीख त्यावर सापडेल. फडावर किंवा वाटेत गेला असेल आणि नोंदच झालेली नसेल, तर उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागेल. त्याला वेळ लागतो, पण ते होते. तिला पाठवू नका. मंगळवारी सकाळी दहाला केसपेपर घेऊन मला महापालिकेच्या चौकात भेटा.